धिंगरी अळिंबी पहिल्यांदा लावताना: बी पेरू नका, विरजण लावा

धिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टर मशरूमच्या, माझ्या पहिल्या वीस पिशव्यांपैकी सतरा हिरव्या पडल्या. कराडजवळच्या आमच्या गावात गोठा रिकामा होता, सोयाबीनचं भुसकट घरचं होतं आणि मोबाईलवर चार व्हिडिओ बघून झाले होते. मी तोंड पाडून बसले, तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "आगं, बुरशीच लावली हुतीस न्हवं? मग बुरशीच आली की!"

तेव्हा राग आला होता. पण आजवर मला कुणी याहून नेमकं सांगितलेलं नाही. आपण लावतो ती बुरशी, आणि पिशवी नासवते तीही बुरशीच. त्याच काडावर आधी कोण बस्तान बसवतं, एवढीच शर्यत असते. शेतकऱ्याच्या डोक्यानं विचार केला की आपण बी, पाणी, खत असा हिशोब मांडतो आणि फसतो. त्यापेक्षा दही लावणाऱ्या बाईच्या डोक्यानं विचार करा. दूध तापवायचं, निवू द्यायचं, चांगलं विरजण लावायचं आणि मग झाकून ठेवून हात लावायचा नाही. पुढे जे लिहिलंय, ते बहुतेक सगळं यातच बसतं. जिथे बसत नाही, तिथे तसं सांगितलंय.

१. आधी ही वस्तू काय आहे ते पाहा

हा भाग गाळून थेट पिशव्या भरायला जाऊ नका. मी तेच केलं होतं.

धिंगरीच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव प्ल्युरोटस. ग्रीक शब्दांवरून आलेल्या या नावाचा अर्थ होतो 'बाजूचा कान'. नाव अगदी चपखल आहे, कारण हिचा देठ बहुधा छत्रीच्या मधोमध नसून एका कडेला असतो आणि छत्री कानाच्या पाळीसारखी पसरते. बाजारात डब्यात मिळणारं पांढरं गोल बटण मशरूम ही वेगळी प्रजाती. त्याला कुजवलेलं कंपोस्ट, वरून मातीचा थर आणि गारवा लागतो. धिंगरी ताज्या, न कुजलेल्या काडावर येते, म्हणून नवख्यानं धिंगरीपासूनच सुरुवात करावी.

ती झाड नाही. तिच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे उन्हापासून अन्न तयार करणं तिला जमत नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच द्रव्य. उत्क्रांतीच्या वंशावळीत बुरशा झाडांपेक्षा प्राण्यांना जवळच्या आहेत. ती आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि काम करताना तिचं अंग तापतं. या तिन्ही गोष्टी पुढे कामाला येणार आहेत.

आपण खातो ती छत्री म्हणजे या सजीवाचं फळ. खरा जीव काडाच्या आत असतो, पांढऱ्या धाग्यांचं जाळं होऊन. धाग्यांना कवकतंतू म्हणतात आणि जाळ्याला कवकजाल. आपण आधी खातो आणि मग पचवतो, यांचं उलटं असतं. धागे बाहेर विकरं सोडतात, काड बाहेरच्या बाहेर पचतं आणि विरघळलेलं अन्न धागे शोषून घेतात. काडातला लिग्निन हा चिवट भाग फार थोड्या सजीवांना फोडता येतो. धिंगरी त्यांतली एक आहे. लिग्निन गेलं की काड फिकट आणि भुसभुशीत होतं.

दुसरी गंमत हिच्या लग्नाची. छत्रीखालच्या पातळ पात्यांवरून लाखो बीजाणू गळतात. प्रत्येकातून एकेरी धागा निघतो. असे दोन जुळणारे धागे भेटले की एकमेकांत मिसळतात, पण त्यांची केंद्रकं एक होत नाहीत. प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं शेजारी शेजारी राहतात. लग्न झालं, तरी चुली दोन. ती एक होतात ती थेट छत्रीच्या पात्यांवर, नवे बीजाणू तयार होण्याच्या आधी. आपण बीजाणू पेरत का नाही, हे यावरून कळेल. बीजाणूंपासून काय निपजेल याचा भरवसा नसतो. म्हणून वाढलेलं, पारखलेलं कवकजालच धान्यावर चढवून वापरतात. ते आपलं विरजण, बाजारातलं नाव स्पॉन.

पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी घरी लावता येईल का, असं मला हमखास विचारतात. नाही येत. ती टर्मिटोमायसिस नावाची वेगळी प्रजाती आहे आणि ती वाळवीनं पाळलेली असते. वाळवी वारुळात तिची बाग करते. आपल्याला ती आधी वाळवीकडून शिकावी लागेल.

२. हंगाम आणि जात ठरवा

जगात धिंगरीच्या लागवडीची पहिली नोंद जर्मनीतली, पहिल्या महायुद्धाच्या काळातली, १९१७ सालची. आपल्याकडे १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी ती काडावर घेऊन दाखवली. पुढे १९७४ साली हिमालयाच्या पायथ्याशी थोराच्या झाडावर सापडलेली राखाडी जात लागवडीत आली. ती 'साजोर-काजू' नावानं विकली जाते. शास्त्रज्ञांच्या मते हे नाव चुकीचं चिकटलं आहे आणि ती प्ल्युरोटस पल्मोनॅरियस आहे, पण स्पॉनच्या पाकिटावर जुनंच नाव दिसेल. गोंधळू नका.

पहिल्यांदा हीच राखाडी साजोर-काजू घ्या. २० ते ३० अंश तापमानात ती बऱ्यापैकी निभावून नेते. पांढरी फ्लोरिडा दिसायला देखणी, पण तिला थोडा जास्त गारवा हवा, दिवाळीनंतर घ्या. गुलाबी जात उकाडा सहन करते, मात्र काढल्यावर लवकर मलूल होते आणि गिऱ्हाईक रंगाला बिचकतं. पिवळी आणि जाड देठाची 'किंग' सध्या विसरा.

देशावर जुलै ते फेब्रुवारी हा सोयीचा काळ. मार्च ते मे कूलर लावून, गोणपाट भिजवून ओढाताण करता येते, पण पहिली खेप त्यात घालू नका. कोकणात आणि गोव्यात हवेतला ओलावा आयता मिळतो, पण तिथे भर पावसात कोरडं काड सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसतं.

३. सामान जमवा

पहिल्या वेळी पाचच पिशव्या करा. वीस नको. पाच पिशव्यांसाठी एवढं लागेल:

- कोरडं काड ५ किलो: गव्हाचं काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचं भुसकट. याच हंगामातलं, पावसात न भिजलेलं, पिवळंधमक.
- ताजं स्पॉन अर्धा किलो
- १०० लिटरचा पत्र्याचा ड्रम किंवा मोठं पातेलं, आणि चूल
- ८५ अंशांपुढे मोजणारा थर्मामीटर
- जाळीचं पोतं, वर ठेवायला दगड
- ३५ × ५५ सेंटिमीटरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी
- दाभण किंवा खिळा
- हातपंपाचा फवारा, बारीक तुषार पडणारा
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र
- दाराखिडक्यांना बारीक जाळी
- नाकाला रुमाल किंवा मास्क

काडाबद्दल कंजूषी करू नका. "गेल्या वर्षीचं पडून आहे, चालेल का?" असं मलाही वाटलं होतं, आणि माझ्या त्या सतरा पिशव्यांतलं निम्मं पाप त्या काडाचं होतं. भिजून सुकलेल्या काडात दुसऱ्या बुरशा आधीच घर करून बसलेल्या असतात. काड हातात चुरगाळून हुंगा. कुबट वास आला तर ते गुरांच्या खाली अंथरा.

जागेसाठी फार काही लागत नाही. दोन भाग हवेत: एक अंधारा, एक उजेड आणि हवा खेळणारा. दहा बाय दहाच्या खोलीत मधे पडदा टाकून दोन्ही होतात. पत्र्याखाली मात्र गवताचा किंवा शेडनेटचा आडोसा करा.

४. विरजण पारखून आणा

गहू किंवा ज्वारी अर्धवट शिजवून, त्यात चुना आणि जिप्समची पूड मिसळून, बाटलीत किंवा पिशवीत भरून दाबाच्या वाफेत पूर्ण निर्जंतुक करतात. मग त्यावर शुद्ध कवकजाल सोडतात. दाणे पांढऱ्या धाग्यांनी मढले की झालं स्पॉन. हे घरी करायला जाऊ नका. ते काम प्रयोगशाळेचं आहे, आणि निदान पहिलं वर्षभर तरी विकतचंच आणावं.

कुठून आणायचं? पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहे. तिथे चौकशी करा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि कृषी विद्यापीठातही विचारा. सगळ्या देशाची मुख्य संस्था हिमाचल प्रदेशातल्या सोलनला आहे, १९८३ पासूनची.

पाकीट हातात घेतल्यावर बघा:

- सगळे दाणे सारखे पांढरे हवेत. हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका एक जरी असला तरी परत द्या.
- वास ताज्या अळंबीचा, गोडसर. आंबूस असेल तर नको.
- तळाशी पिवळं पाणी साचलेलं नको.
- तयार झाल्याची तारीख विचारा. महिन्याच्या आतलं घ्या.

एसटीच्या टपावर उन्हात प्रवास घडवू नका. मांडीवर घेऊन या. घरी लगेच वापरायचं नसेल तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही.

५. काड भिजवा आणि तापवा

सगळं काम इथे ठरतं.

काडाचे एक ते दीड इंचाचे तुकडे करा. सोयाबीनचं भुसकट तसं बारीकच असतं, नुसतं चाळून माती आणि धूळ काढा. जाळीच्या पोत्यात सैल भरून स्वच्छ पाण्यात आठ ते दहा तास बुडवा. पोतं तरंगतं, म्हणून वर दगड. रात्री भिजत घातलं की सकाळी तयार. उन्हाळ्यात याहून जास्त ठेवलं तर आंबायला लागतं.

सकाळी पोतं निथळून गरम पाण्यात टाका. पाणी ८० ते ८५ अंश हवं, आणि पोतं आत टाकल्यावर तापमान खाली येतं हे लक्षात ठेवा. ते पुन्हा ८० ला पोचलं की तिथून घड्याळ लावून एक तास. मी पहिल्या वेळी पोतं टाकल्याटाकल्याच तास मोजायला सुरुवात केली होती. उरलेलं निम्मं पाप ते.

"मग सरळ उकळूनच का काढू नये?" कारण आपल्याला दूध तापवायचंय, आटवायचं नाही. खळखळ उकळलं की काड लगदा होतं, पाणी धरून बसतं आणि त्यातली साखर मोकळी होऊन उपऱ्यांना आयतं जेवण मिळतं. शिवाय ८० अंशांना उपद्रवी बुरशा मरतात, पण उष्णता सोसणारे काही निरुपद्रवी जिवाणू टिकतात, आणि ते जागा अडवून धरत असल्यामुळे नंतर येणाऱ्या घाणीला शिरकाव अवघड जातो.

बऱ्याच पुस्तिकांत दुसरी रीत दिलेली असते: १०० लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि १२५ मिली फॉर्मेलिन घालून काड १८ तास झाकून ठेवायचं. सरपण नसलेल्यांना ती सोयीची वाटते. पण फॉर्मेलिनच्या वाफेनं डोळे आणि नाक सोलून निघतं, आणि घरात लेकरं असताना असलं पाणी भरून ठेवणं मला पटत नाही. सरपण परवडतं, म्हणून मी गरम पाण्याचीच रीत धरली.

६. निथळा, निववा, मूठ दाबून बघा

पोतं तिरप्या जागी टांगून किंवा स्वच्छ फरशीवर उभं करून निथळू द्या. फरशी आणि हात आधी डेटॉलच्या पाण्यानं पुसून घ्या. मग धुतलेल्या प्लास्टिकवर सावलीत पातळ पसरा. पंखा लावू नका, धूळ उडते.

किती ओलावा हवा? पुस्तकात ६५ टक्के लिहिलेलं असतं. आपलं यंत्र म्हणजे मूठ. काड घट्ट आवळा. बोटांतून धार लागली किंवा टपटप पाणी पडलं तर अजून थांबा. थेंब पडत नाही पण तळवा ओला होतो, तिथे थांबायचं. एक किलो कोरड्या काडाचं तेव्हा साधारण अडीच ते पावणेतीन किलो झालेलं असतं. जास्त ओल्या काडात हवा शिरत नाही, तळाला आंबूस वास सुटतो आणि पिशवी खालून सडत येते.

आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम दुधात विरजण टाकलं तर दही लागत नाही, इथेही तेच. हाताला ऊबदार लागतंय म्हणजे अजून वेळ आहे.

७. पिशवी भरा

दार बंद, पंखा बंद, हात धुतलेले. स्पॉन वेगळ्या स्वच्छ परातीत काढून बोटांनी दाणे सुटे करा. पिशवीत तीन-चार इंच काड घाला, तळव्यानं दाबा, त्यावर कडेकडेनं स्पॉन टाका. पुन्हा काड, पुन्हा स्पॉन. असे चार-पाच थर. शेवटी वर स्पॉन आणि त्यावर काडाचा पातळ थर.

ओल्या काडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्पॉन पुरतं, म्हणजे एका पिशवीला ६० ते ८० ग्रॅम. पहिल्या वेळी १०० ग्रॅम घाला. विरजण थोडं जास्त झालं तर दही आंबट होतं. इथे उलट शर्यत लवकर जिंकली जाते. विरजणाची उपमा एवढ्यापुरती लंगडी पडते.

नीट दाबून भरा. पोकळी राहिली तर तिथे धाग्यांना उड्या मारता येत नाहीत आणि पाणी साचतं. तोंड सुतळीनं आवळा. विस्तवावर तापवून गार केलेल्या दाभणानं सगळीकडून २५-३० भोकं पाडा, तळाशीही चार-पाच. मार्करनं तारीख लिहा. "लक्षात राहील" म्हणाल, नाही राहत.

८. अंधारातले पंधरा-वीस दिवस

पिशव्या अंधाऱ्या भागात मांडणीवर ठेवा, एकीला एक चिकटवू नका, एकावर एक तर मुळीच नको. मगाशी म्हटलं ना, हिचं अंग तापतं. बाहेर २६ अंश असेल तेव्हा पिशवीच्या पोटात त्याहून दोन-चार अंश जास्त असतात. ढीग केला तर मधल्या पिशव्या स्वतःच्याच उष्णतेनं मरतात. २५ अंशांच्या आसपास सगळ्यात बरं.

या दिवसांत पाणी मारायचं नाही. उघडायचं नाही. रोज एकदा लांबून बघायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती कापसासारखी पांढरी लव दिसते. आठवड्यात पांढरे डाग एकमेकांना भेटायला लागतात. पंधरा ते वीस दिवसांत सगळी पिशवी पांढरीफटक आणि विटेसारखी घट्ट होते.

काय दिसलं तर काय समजायचं:

*हिरवा डाग.* ट्रायकोडर्मा. ही बुरशी रोगनियंत्रणासाठी शेतात मुद्दाम टाकतात, कारण ती दुसऱ्या बुरशा खाते. आता तुम्ही दुसरी बुरशी लावली आहे! त्याच दिवशी शेतात ट्रायकोडर्मा हाताळला असेल तर अंघोळ करून, कपडे बदलून मगच या खोलीत या. नाण्याएवढा डाग एकाच पिशवीवर असेल तर ती लगेच वेगळी ठेवा. हाताएवढा झाला तर पिशवी न उघडता लांब नेऊन पुरा. हिरवी पिशवी खोलीतच फोडून बघणं म्हणजे बाकीच्या चारींनाही बोलावणं धाडणं.

*बारीक काळ्या छत्र्या, दुसऱ्या दिवशी शाईसारख्या विरघळणाऱ्या.* काड जास्त ओलं होतं किंवा नीट तापलं नव्हतं. उपटून टाका, खाऊ नका.

*आंबूस वास आणि तळाशी पिवळं पाणी.* पाण्याचा अतिरेक. आणखी दोन भोकं तळाशी पाडून बघा, कधी वाचते.

*छोट्या काळ्या माश्या.* त्यांच्या अळ्या धागे खातात. जाळी तपासा, पिवळे चिकट सापळे लावा. कीटकनाशक मारू नका, हे खायचं आहे.

*उंदीर.* आमच्याकडे त्यांनी गव्हाचे दाणे मोजून वेचले. मांडणीच्या पायांना पत्र्याच्या उलट्या थाळ्या लावल्यावर थांबलं.

९. आता उजेड, हवा आणि पाणी

पिशवी पांढरी झाली की ब्लेडनं प्लास्टिक कापून काढा. आतला गठ्ठा सुटत नाही. धाग्यांनी तो शिवलेला असतो. उजेडाच्या भागात सुतळीच्या शिंक्यात टांगा किंवा मांडणीवर हातभर अंतरानं ठेवा.

अंधारात पोटभर खाल्लेल्या जिवाला आता सांगायचं असतं की बाहेर आलास, फळ धर. रानात तो संदेश लाकडाच्या सालीबाहेर पडताना मिळतो: ताजी हवा लागते, उजेड दिसतो, गारवा आणि ओलावा येतो. आपण चारही गोष्टी एकदम द्यायच्या.

हवा सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. ओलावा टिकावा म्हणून लोक खोली गच्च बंद करतात. आत कार्बन डायऑक्साइड साठतो. अळंबीला वाटतं आपण अजून लाकडाच्या आतच आहोत, आणि ती बाहेर पडण्यासाठी मान लांब करत राहते. देठ लांबलचक आणि टोपी बटणाएवढी आली, की खिडकी उघडा. दिवसातून तीन-चारदा पंधरा-वीस मिनिटं दारं-खिडक्या मोकळ्या ठेवा.

उजेड वर्तमानपत्र वाचता येईल एवढा, दिवसातले काही तास. थेट ऊन नको. अजिबात उजेड नसेल तर टोपी न धरता पोवळ्यासारखे फाटे फुटतात.

आर्द्रता ८० ते ९० टक्के. जमिनीवर वाळू टाकून ती भिजवा, भिंतीला ओली गोणपाटं लावा. गठ्ठ्यांवर दिवसातून दोन-तीनदा तुषार उडवा, पण हात राखून. पाण्याचा बारीक थर अर्ध्या तासात सुकायला हवा. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसल्यावर त्यांच्यावर थेट पाणी मारू नका, पिवळे पडून मरतात. हवेत फवारा, खाली बसू द्या.

प्लास्टिक काढल्यापासून साधारण तीन ते पाच दिवसांत कोंब येतात. त्यापुढे तीन-चार दिवसांत काढायला तयार. हे दिवस घर सोडून लग्नाला जाऊ नका. सकाळी रुपयाएवढी दिसलेली टोपी दुसऱ्या संध्याकाळी तळहाताएवढी होते.

१०. काढणी

टोपीची कड खाली वळलेली किंवा सपाट असते, तेव्हाच काढायचं. कड वर उलटून लाटेसारखी झाली म्हणजे उशीर झाला. तेव्हा खालच्या गठ्ठ्यावर पिठासारखी पांढरी पूड दिसते, ते बीजाणू. धिंगरी बीजाणू भरमसाट सोडते आणि ते रोज छातीत गेले की काहींना खोकला, ताप, दम लागणं सुरू होतं. पाच पिशव्यांना फारसं नाही, पन्नास झाल्यावर नक्की. काढायला जाताना खोली आधी उघडी करा, नाकाला मास्क बांधा. घरात दम्याचं माणूस असेल तर झोपायच्या खोलीत हा उद्योग करूच नका.

काढण्याआधी निदान आठ-दहा तास पाणी मारू नका, नाहीतर विकायच्या आधीच चिकट होते. सगळा घड मुळाशी धरून पिळा आणि ओढा. कात्रीनं कापू नका. उरलेला बुंधा सडतो आणि माश्या येतात. काडाचा चिकटलेला भाग चाकूनं काढा. धुऊ नका.

मग गठ्ठा खरवडून साफ करा, पाणी चालू ठेवा. आठ-दहा दिवसांनी दुसरा बहर, तसाच तिसरा. पहिल्यात निम्मं उत्पन्न येतं. एक किलो कोरड्या काडाला तिन्ही बहर मिळून ६०० ते ८०० ग्रॅम ताजी अळिंबी आली तर नवख्यासाठी उत्तम. किलोला किलोही मिळते, पण कुणी किलोला दोन किलो सांगत असेल तर चहा पिऊन उठा.

ताजी अळिंबी भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. उरलेली उन्हात कडकडीत वाळवा. दहा किलोची साधारण एक किलो होते, कोमट पाण्यात भिजवली की पुन्हा फुलते. वाळवताना पात्या उन्हाकडे करा. उन्हानं हिच्यातल्या अर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व बनतं.

शिजवूनच खा, कच्ची नको. पहिल्यांदा खाणाऱ्यानं थोडीच खावी, काहींच्या पोटाला सोसत नाही. आमच्याकडे सुक्या खोबऱ्याच्या वाटणात रस्सा झाला. सासूबाई चुलीपाशी आल्या, वाटीभर घेतला आणि "जरा मीठ कमी पडलंय" म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

एक धोक्याची सूचना इथेच देते. धिंगरी ओळखायला आली म्हणजे रानातली अळंबी ओळखता येते असं नाही. जपानमध्ये धिंगरीसारख्या दिसणाऱ्या एका विषारी अळंबीनं लोक वारंवार आजारी पडतात. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर चांगली, या दोन्ही कसोट्या खोट्या आहेत. मोबाईलवर फोटो पाठवून "ही चालेल का?" विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

११. विकायची असेल तर

आधी गिऱ्हाईक, मग पिशव्या. हा क्रम उलटा केला की शनिवारी सहा किलो अळिंबी घेऊन बसावं लागतं आणि रविवारी ती गुरांपुढेही टाकता येत नाही. गावातल्या दोन हॉटेलवाल्यांना, एका भाजीवाल्या मावशींना आणि शाळेतल्या बाईंना आधी पाव-पाव किलो फुकट द्या. आवडली तर आठवड्याला किती लागेल ते लिहून घ्या. त्यावर पिशव्यांचा हिशोब करा आणि एकदम न लावता दर आठवड्याला थोड्या थोड्या लावा, म्हणजे माल सलग येतो. आणि श्रावणात वाढेल ही आशा धरू नका. चातुर्मासात पुष्कळ घरांत अळंबी चालत नाही.

आता बायबॅक. "आमच्याकडून प्रशिक्षण, पिशव्या आणि स्पॉन घ्या, सगळा माल आम्हीच उचलतो" असं सांगणारे फोन येतात. माझ्या एका नातेवाइकानं मोठी रक्कम भरली. पहिल्या दोन खेपा उचलल्या गेल्या, तिसऱ्यापासून "ग्रेड बसत नाही" सुरू झालं, पाचवीला फोन बंद. पैसे मालात नसून पिशव्या विकण्यात असतात. करारात दर, ग्रेडची व्याख्या आणि पैसे किती दिवसांत, हे तिन्ही लेखी नसेल तर सही करू नका. आगाऊ रक्कम मागितली तर तर नाहीच.

प्रशिक्षण, बँकेचं कर्ज किंवा योजनेसाठी हे कागद एका फाइलीत ठेवा:

- आधार आणि पॅन
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत
- सातबारा किंवा घराचा उतारा. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- स्पॉन आणि सामानाच्या पावत्या
- उद्यम नोंदणी. ही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका.

वाळवून, पाकिटात भरून किंवा लोणचं, पापड करून विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही करून घ्या. अनुदानाचे नियम बदलत राहतात, त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

१२. उरलेल्या काडाचं काय करायचं

तिसऱ्या बहरानंतर गठ्ठा हलका आणि तपकिरी होतो. सुतळी आणि प्लास्टिकचे तुकडे वेचून काढा, मग गांडुळांच्या वाफ्यात टाका. गांडुळं तुटून पडतात, कारण चिवट भाग आधीच पचलेला असतो. रसायनात भिजवलेलं काड मात्र जनावरांपुढे टाकू नका.

मी अर्धं काड वांग्याच्या वाफ्यावर पसरते. धिंगरीचे धागे मातीतले सूक्ष्म सूत्रकृमी पकडून खातात. धाग्यांवरच्या विषानं आधी त्यांना लुळं करतात आणि मग आत शिरून फस्त करतात, कारण लाकूड-काडात नायट्रोजन फार कमी आणि तो कुठून तरी मिळवावाच लागतो. माझ्या वांग्यांच्या मुळांवर या कृमींमुळे येणाऱ्या गाठी त्यानं कमी झाल्या का, हे छातीठोक सांगता येणार नाही. पण मागच्या भाद्रपदात दोन वांग्यांच्या मधे तळहाताएवढा राखाडी कान उगवला होता. तो मात्र माझ्याआधी सासूबाईंनीच काढून आणला.